आधी गंज, मग रंग

गाड्यांची चाकं मोठी झाली आणि त्यांच्या आत इतकी वर्षं झाकलेलं होतं ते उघड्यावर आलं. मारुती ८०० ची चाकं १२ इंची होती, पोलादी होती, आणि वर प्लास्टिकची टोपी बसवली की आत काय आहे याची कुणी चौकशी करत नसे. आज साध्या हॅचबॅकलाही १५-१६ इंची अलॉय येतात. त्यांच्या बारीक आऱ्यांमधून चकचकीत डिस्क दिसते आणि डिस्कच्या कडेला बिलगून बसलेला तांबूस, ओबडधोबड लोखंडी ऐवजही दिसतो. तो कॅलिपर. बाकीची गाडी पॉलिश करून ठेवणाऱ्या माणसाला हा गंजका तुकडा खुपतो, आणि लाल किंवा पिवळ्या रंगाचा डबा ऑनलाइन मागवण्याइतका सोपा असल्यामुळे रविवारच्या सकाळी हे काम घरीच काढलं जातं. या उद्योगाकडे दोन तऱ्हांनी पाहिलं जातं. करणाऱ्याच्या लेखी ती सजावट असते, आणि मेकॅनिकच्या लेखी ब्रेकशी केलेला पोरखेळ. मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. घरी कॅलिपर रंगवणं हे मुळात साफसफाईचं आणि पाहणीचं काम आहे. रंग हे त्याचं निमित्त. रंग टिकणार की पोपडे धरणार, ब्रेक पूर्वीसारखा राहणार की अडकायला लागणार, याचा निकाल डबा उघडण्याच्या आधीच लागलेला असतो.

रंगीत कॅलिपरची हौस आली कुठून, हे आधी पाहायला हरकत नाही. डिस्क ब्रेकची कल्पना जुनी आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्यानं १९०२ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. पण ती चालते हे जगाला पटायला १९५३ उजाडावं लागलं. त्या वर्षी डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार सी-टाइपनं ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली, आणि १९५५ मध्ये सिट्रोएन डीएस ही पुढच्या चाकांना डिस्क असलेली गाडी मोठ्या संख्येनं बाजारात आली. तेव्हाचे कॅलिपर लोखंडी, बिनरंगी आणि नजरेआड होते. रंगाची चाल पडली ती नंतर, महागड्या वेगवान गाड्यांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या, अनेक पिस्टनांच्या कॅलिपरवर. इटलीत बर्गामोजवळ १९६१ साली सुरू झालेल्या आणि आज चाकणलाही कारखाना असलेल्या ब्रेम्बोचं नाव त्या लाल रंगाशी कायमचं जोडलं गेलं. पोर्शनं तर रंगांची एक भाषाच केली. त्यांच्याकडे पिवळा कॅलिपर म्हणजे सिरॅमिक डिस्क, पोपटी म्हणजे हायब्रिड गाडी, पांढरा म्हणजे टंगस्टन कार्बाइडचा लेप दिलेली डिस्क. तिथे रंग आत काय आहे ते सांगतो. आपल्या हॅचबॅकच्या एका पिस्टनच्या बिडाच्या कॅलिपरवर तोच लाल रंग काहीच सांगत नाही, आणि गाडी एक वीतही आधी थांबत नाही. एवढं मान्य करून टाकलं की पुढचं बोलणं सोपं होतं.

मग निमित्त कशाचं? ते कळायला कॅलिपर कसा चालतो हे पाहावं लागतं. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. पुढचा कॅलिपर तरंगता असतो, त्याला पिस्टन एकच, आणि तोही आतल्या बाजूला. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबानं पिस्टन सरकतो आणि आतला पॅड डिस्कवर रेटतो. पॅड डिस्कला टेकून अडला, की कॅलिपरचं अख्खं धूड दोन पिनांवरून उलट दिशेला घसरतं आणि बाहेरचा पॅड पलीकडून डिस्कवर आवळतं. कॅलिपर या पिनांवर सहज सरकतो म्हणून दोन्ही पॅड सारखा जोर लावतात. पिनांना सिलिकॉन ग्रीस लागतं आणि ते टिकावं म्हणून वर घडीचे रबरी बूट असतात. पाय काढल्यावर पिस्टन मागे येतो, त्यासाठी कुठली स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती चौकोनी छेदाचं एक रबरी सील असतं. पिस्टन पुढे जाताना ते किंचित पिळलं जातं, आणि दाब गेल्यावर मूळ आकारात येताना पिस्टनला मिलिमीटरच्या काही अंशाइतकं मागे ओढतं. पॅड मोकळा व्हायला तेवढं पुरतं. इतक्या अल्प अंतरावर चालणाऱ्या यंत्रात गंजाचा पापुद्रा किंवा रंगाचा थर नको त्या जागी आला, तर तो यंत्राचाच भाग होऊन बसतो.

गंज सगळीकडे सारखा वाईट नसतो, हेही इथेच लक्षात घ्यावं. कॅलिपरची भिंत चांगली जाड बिडाची असते. तिच्यावर आलेला लालसर थर वर्षानुवर्षं राहिला तरी तिची ताकद फारशी घटत नाही, डोळ्यांना खुपतो इतकंच. खरा गंज लपून बसतो तो ब्रॅकेटवर, जिथे पॅडचे दोन्ही कान टेकतात त्या खोबणीत. तिथे स्टेनलेसची एक पातळ क्लिप बसवलेली असते. क्लिपखालचं बीड गंजलं की गंज फुगतो, कारण गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. क्लिप वर उचलली जाते, खोबण अरुंद होते आणि पॅडचे कान अडकतात. ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासत राहतो. गाडी जड चालते, पेट्रोल जास्त खाते, एका बाजूला ओढते, आणि एक चाक दुसऱ्यापेक्षा गरम लागतं. आतला पॅड संपत आलेला आणि बाहेरचा निम्माही न झिजलेला, अशी जोडी दिसली तर बहुधा पिन अडकलेली असते. बाहेरून चाकाकडे पाहून यातलं काहीच कळत नाही, कारण आऱ्यांमधून दिसतो तो बाहेरचाच पॅड. सर्व्हिसिंगच्या यादीत ब्रेक तपासणीवर खूण झालेली असते, पण त्यासाठी चारही चाकं उतरवली गेली का, हे मालकाला ठाऊक नसतं. रंगाच्या निमित्तानं चाक उतरतं, तारेचा ब्रश हातात घेऊन माणूस तासभर त्या एका तुकड्यासमोर बसतो, आणि बूट फाटलेला असेल, पॅडवर दोन-तीन मिलिमीटरच माल उरला असेल, होसला चिरा गेल्या असतील, तर ते त्याच्या नजरेतून सुटत नाही.

कोकणपट्टीत आणि मुंबईत या साफसफाईला आणखी एक अंग आहे. समुद्राकडून येणाऱ्या हवेतलं मीठ बिडाच्या बारीक खड्ड्यांत जाऊन बसतं. नुसत्या ब्रशनं ते निघत नाही, उलट घासताना आणखी आत दाबलं जातं. त्यावर रंग चढवला की मीठ हवेतली ओल रंगाच्या थरातून आत ओढून घेतं, आणि पहिल्याच पावसाळ्यात रंगाखाली पुटकुळ्या उठतात. पुटकुळी फुटली की आत ताजा गंज. ओल न काढता भिंतीला डिस्टेंपर मारावा तशातलाच हा प्रकार. म्हणून पहिलं काम गोड्या पाण्यानं भरपूर धुण्याचं, मग पूर्ण वाळवण्याचं, मग तारेच्या ब्रशनं आणि ८०-१२० नंबरच्या पॉलिश पेपरनं सुटा गंज काढण्याचं. खोल खड्ड्यांत गंज राहतोच. त्यावर टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर लावलं, तर उरलेला गंज काळ्या, चिकटून राहणाऱ्या संयुगात बदलतो. मात्र हात आवरायलाही शिकावं लागतं. अनेक कॅलिपरवर कारखान्यातूनच जस्ताचा पातळ मुलामा येतो. तो शाबूत असेल तिथे लखलखीत लोखंड दिसेपर्यंत घासणं म्हणजे चांगलं संरक्षण काढून दुय्यम संरक्षण चढवणं. तिथे तेलकटपणा काढावा, बारीक पेपरनं पृष्ठभाग जरा खरबरीत करावा आणि थांबावं.

धूळ ही या कामातली सगळ्यांत दुर्लक्षित बाब. चाकाच्या आत साचलेली काळपट भुकटी म्हणजे पॅडचा आणि डिस्कचा झिजलेला माल. जुन्या किंवा नाव-गाव नसलेल्या स्वस्त पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, आणि नसला तरी ही भुकटी फुप्फुसात जाण्यासारखी नाही. त्यामुळे ती हवेच्या पाइपनं उडवायची नाही, कोरड्या फडक्यानं झटकायची नाही, ओली करूनच पुसायची. ओली कशानं करायची, हाही प्रश्न महत्त्वाचा. आपल्याकडच्या गॅरेजात हाताशी पेट्रोल, रॉकेल नाहीतर डिझेल असतं आणि सर्रास तेच वापरलं जातं. कॅलिपरमधलं रबर सामान्यतः ईपीडीएम जातीचं असतं. ग्लायकॉलच्या ब्रेक ऑइलमध्ये ते उत्तम टिकतं, पण खनिज तेल लागलं की फुगतं. फुगलेलं सील पिस्टनला मागे ओढत नाही, धरून ठेवतं. हाच नियम गंज सोडवणाऱ्या तेलकट स्प्रेला आणि चाकाच्या बेअरिंगच्या साध्या ग्रीसला लागू आहे. डब्यात मिळणारा ब्रेक क्लीनर वापरला की तो उडून जातो आणि मागे काही ठेवत नाही. त्यातही दोन जाती आहेत. एक पेट घेणारी, आणि दुसरी क्लोरिनयुक्त. दुसरी पेटत नाही म्हणून सुरक्षित वाटते, पण तिच्या वाफा ज्योतीपाशी किंवा तापलेल्या धातूपाशी गेल्या तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. क्लीनर मारून लगेच हीट गननं वाळवण्याचा शहाणपणा करू नये, उघड्या जागी आपोआप सुकू द्यावं.

आता सगळ्यांत जास्त घेतला जाणारा आक्षेप. ब्रेक तापतात, रंग जळेल, किंवा रंगामुळे उष्णता कोंडून ब्रेकच निकामी होतील. ब्रेक तापतात हे खरंच आहे. १२०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगात असताना तिच्यात सुमारे ४६० किलोजूल गतिज ऊर्जा असते. थांबवताना त्यातलं ७० टक्के काम पुढचे ब्रेक करतात असं धरलं आणि एक डिस्क पाच किलोची मानली, तर एका दमात गाडी थांबवताना पुढच्या डिस्क ६५-७० अंशांनी तापतात. घाटात हिशेब वेगळा होतो. हीच गाडी ६०० मीटर खाली उतरली की सुमारे ७,००० किलोजूल ऊर्जा कुठे ना कुठे जिरवावी लागते, म्हणजे ताशी १०० वरून जवळपास पंधरा वेळा थांबल्याइतकी. खालच्या गिअरमध्ये उतरणाऱ्याचं इंजिन त्यातला मोठा वाटा उचलतं. न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्याच्या डिस्क काहीशे अंशांवर जातात. पण हे तापमान डिस्कचं, कॅलिपरचं नव्हे. कॅलिपर डिस्कला टेकत नाही. त्याच्याकडे उष्णता येते ती पॅड, त्याची पोलादी पाठ आणि पिस्टन या वाटेनं, आणि काही प्रारणानं. कॅलिपर किती तापू शकतो याची एक पक्की मर्यादा त्याच्याच पोटात आहे, ती म्हणजे ब्रेक ऑइल. डॉट ३ प्रतीचं ताजं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसला आणि पाणी मुरलेलं १४० अंशांना उकळतं. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पेडल फरशीला टेकतं. म्हणजे ज्या तापमानाला कॅलिपरचा चांगला रंग बिघडेल त्याच्या बऱ्याच आधी ब्रेकच गेलेला असेल. या कामासाठी विकल्या जाणाऱ्या बऱ्याच रंगांची सहनशक्ती २५० अंशांच्या वर असते, काहींवर तर ४८० अंशांचा दावा असतो. रोजच्या वापरात रंग टिकवायला एवढं पुरून उरतं. साधा सिंथेटिक इनॅमल किंवा बॉडीला मारायचा स्प्रे मात्र वापरू नये. तो काळवंडतो, मऊ पडून धूळ धरतो आणि सालपटं सोडतो.

उष्णता कोंडण्याचं म्हणाल तर तिथे आकडे अगदीच स्पष्ट आहेत. दोन-तीन हात मिळून रंगाचा थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका होतो. धातूच्या मानानं रंग उष्णता फार कमी वाहतो हे कबूल, पण कॅलिपरची उष्णता बाहेर जाताना मुख्य अडथळा असतो तो भोवतालच्या हवेचा. त्या अडथळ्याच्या तुलनेत एवढ्या पातळ थराची भर दोन-तीन टक्क्यांच्या आसपास येते. दुसऱ्या बाजूला घासून चकचकीत केलेला धातू उष्णता प्रारित करायला कंजूष असतो आणि रंगवलेला पृष्ठभाग उदार. रंग लाल, पिवळा की काळा याला त्यात फारसा अर्थ नाही, कारण या तापमानाला प्रारण अवरक्त असतं आणि त्या पट्ट्यात बहुतेक रंग सारखेच वागतात. त्यामुळे रंगानं ब्रेक गरम राहतो हेही खरं नाही, आणि अमुक रंगानं थंड राहतो ही जाहिरातही खरी नाही. हवा खरोखर अडते ती कॅलिपरवर चिकटवायच्या लाल-पिवळ्या कव्हरमुळे. त्यांवर मोठ्या कंपन्यांची नावं खोटीच छापलेली असतात, क्लिप सैल झाली की ती चाकाच्या आतल्या बाजूला घासतात, आणि त्यांच्या आड गंज निवांत वाढतो. रंगवण्याला नाकं मुरडणारे मेकॅनिक ही कव्हरं मात्र विनातक्रार बसवून देतात, हे गमतीचं आहे.

उष्णतेपेक्षा कितीतरी खरा धोका रंग चुकीच्या जागी जाण्याचा आहे, आणि त्याबद्दल डब्यावर दोनच ओळी असतात. पिस्टनवर रंग उडाला तर तो सरकताना सीलची कड कापतो. बुटांच्या रबरावर बसला तर घड्या कडक होऊन फाटतात. ब्लीडर निपलचं तोंड बुजलं तर पुढच्या वेळी ब्रेकमधली हवा काढता येत नाही. पॅडचे कान बसतात ती खोबण रंगवली तर गंजाचं काम आपणच आपल्या हातानं केलं असं होतं. सुरुवातीला पॅड कसाबसा बसतो, गरम झाला की रंग मऊ होऊन त्याला धरून ठेवतो. पण याहून फसवी जागा म्हणजे दोन धातू बोल्टनं आवळले जातात ते सपाट पृष्ठभाग. कॅलिपरचा ब्रॅकेट ज्या तोंडावर बसतो ते तोंड, बोल्टच्या माथ्याखालची जागा, चाक बसतं तो हबचा चेहरा, चाकाच्या नटाची बैठक. आवळलेल्या जोडात बोल्ट किंचित ताणलेला असतो, आणि त्या ताणावरच जोड टिकून असतो. मध्ये रंगाचा थर असेल तर तो दाबाखाली आणि उष्णतेत हळूहळू पसरून पातळ होतो, तेवढा ताण कमी होतो, आणि बरोबर आवळलेला बोल्टही सैल पडतो. रंग लावताना या जोडाला कुणी मुद्दाम हात लावत नाही. कॅलिपर सोडवून टेबलावर ठेवून चारही बाजूंनी स्प्रे मारला की तो आपोआप तिथे जातो. म्हणून घरच्या कामाला मी ब्रशनं लावायचा रंगच बरा समजतो. स्प्रेनं तुकतुकी येते खरी, पण मास्किंग टेप आणि वर्तमानपत्र लावण्यात दुप्पट वेळ जातो, आणि जिथे टेप नीट बसत नाही नेमकी तीच जागा घातक असते.

इथे मेकॅनिकचा आक्षेप पुढे येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ब्रेक ही जिवाशी गाठ आहे, तिथे हौशी माणसानं पाना लावूच नये. मला यातला पूर्वार्ध पूर्ण मान्य आहे, उत्तरार्ध निम्मा. कारण कॅलिपर रंगवायला एकही बोल्ट सोडावा लागत नाही. चाक काढून, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून कॅलिपर जागेवरच घासला आणि ब्रशनं रंगवला, तर बाहेरून दिसणारा भाग सगळा होतो. आतली बाजू राहते, पण ती कुणाला दिसतही नाही. अशा कामात जोखीम ब्रेकची नसून जॅकची असते. गाडीसोबत येणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. गाडी सपाट फरशीवर, हँडब्रेक ओढलेला, गिअरमध्ये, मागच्या चाकांना लाकडी ओंडके, आणि चाक काढल्यावर वजन स्टँडवर. विटा आणि दगड अचानक फुटतात. स्टँड नसेल तर हे काम करू नये, यात तडजोड नको. याच्या पुढची पायरी म्हणजे कॅलिपर ब्रॅकेटवरून सोडवणं. ती ज्यानं पूर्वी स्वतः पॅड बदलले आहेत त्यानंच चढावी. त्यात सोडवलेला कॅलिपर होसवर लोंबकळू द्यायचा नाही, तारेनं स्प्रिंगला टांगायचा. तो सुटा असताना पेडलला पायही लावायचा नाही, नाहीतर पिस्टन बाहेर येतो. परत बसवताना बोल्ट अंदाजानं नव्हे तर मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचनं आवळायचे. आणि होसचा बोल्ट सोडवणं, पिस्टन बाहेर काढणं, मागच्या इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकच्या कॅलिपरला हात घालणं, हे रंगाच्या हौसेसाठी करू नये. त्या पायरीवर मेकॅनिकचंच खरं आहे.

कारखान्यानं रंग दिला नाही म्हणजे त्याची गरज नसणार, असंही कुणी म्हणेल. गरज नसतेच, गाडी त्याविना अनेक वर्षं व्यवस्थित थांबते. पण कारखान्याच्या निर्णयात खर्चाचा वाटा मोठा असतो आणि त्यांनी धरलेलं आयुष्य वॉरंटीच्या मुदतीच्या हिशेबात असतं. रत्नागिरीला किंवा वसईला उघड्यावर उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या गाडीचा हिशेब मालकालाच करावा लागतो. पावडर कोटिंग हा यापेक्षा टिकाऊ मार्ग आहे, भोसरी-चाकणच्या पट्ट्यात ते करून देणाऱ्या शेड पुष्कळ आहेत. पण ती भुकटी भट्टीत १८०-२०० अंशांना भाजावी लागते, म्हणजे आधी कॅलिपर पूर्ण खोलून सगळं रबर काढणं आलं आणि नंतर नवं सील घालून जोडणं आलं. कॅलिपर तसाही ओव्हरहॉलला काढला असेल तर जरूर करावं, एरवी हा खटाटोप फायद्याचा नाही. कायद्याची धास्ती तर नकोच. आरसी बुकात बॉडीचा रंग नोंदवलेला असतो, कॅलिपरचा नव्हे.

प्रत्यक्ष रंगाबद्दल सांगण्यासारखं थोडंच उरतं. पावसाळ्यात हे काम काढू नये. दमट हवेत धातूवर न दिसणारा ओलावा धरतो आणि रंग पांढुरका पडतो. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम. दोन घटकांचा, हार्डनर मिसळायचा रंग असेल तर मिसळल्यानंतर तो डब्यातच घट्ट होऊ लागतो, तेव्हा एका वेळी एका चाकापुरताच करावा. जाड एका हातापेक्षा पातळ दोन-तीन हात बरे, कारण जाड थर वरून सुकतो, आत ओला राहतो आणि पहिल्या उष्णतेला फुगतो. दोन हातांमधलं अंतर डब्यावर दिलेलं असतं, ते पाळावं. काही रंग सुकल्यानंतर शंभरेक अंशांची उष्णता मिळाल्यावरच पूर्ण कडक होतात. ती उष्णता रोजच्या ब्रेकिंगमध्ये हळूहळू मिळते, फक्त पहिले काही दिवस चाकं प्रेशर वॉशरनं धुऊ नयेत. रंगांपैकी माझी पसंती करड्याला. पॅडची भुकटी त्यावर दिसत नाही. डिस्कमधून उडालेले तापलेले लोहकण कॅलिपरवर चिकटून गंजतात, आणि लाल-पिवळ्यावर त्याचे नारिंगी ठिपके फार लवकर उठून दिसतात. लालच हवा असेल तर दर महिन्याला धुण्याची तयारी ठेवावी.

चाक लावल्यावर ते हातानं फिरवून पाहावं. पॅडचा हलका घासल्याचा आवाज चालतो, अडखळणं चालत नाही. नट हातानं बसवून, चाक जमिनीला टेकल्यावर समोरासमोरच्या क्रमानं आवळावेत, आणि शे-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाहावेत. कॅलिपर सोडवला असेल किंवा पिस्टन मागे दाबला असेल, तर गाडी जागची हलवण्याआधी पेडल टणक लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबावं. हे विसरलं तर पहिल्याच वळणावर पेडल रिकामं जातं. नंतर पहिल्या पावसाळ्याअखेर चाक उतरवून रंग कुठे गेला आहे ते बघावं. ब्लीडर निपलच्या किंवा होसच्या बोल्टच्या खाली रंग सुरकुतलेला किंवा मऊ झालेला दिसला, तर तो निकृष्ट रंगाचा दोष समजून वर आणखी एक हात मारू नये. ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल रंग उचलतं, तेव्हा तिथे बारीक गळती आहे असंच धरावं आणि गाडी मेकॅनिककडे न्यावी. गंजक्या, काळ्या कॅलिपरवर हा ओघळ दिसलाच नसता. इतरत्र खडी लागून टवका उडाला असेल, तर तेवढीच जागा घासून, पुसून, डब्यात उरलेल्या रंगाचा एक हात पुरतो.